आष्टी ते राजमहेंद्री, छोट्या मोटरबोटीने : आपला बेत आणि इंग्रजांचा बेत

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

आमच्या ओळखीतल्या काही नदीवेड्या लोकांनी एक बेत मांडलाय. आष्टीच्या पुलाखाली वैनगंगेत छोटी मोटरबोट टाकायची आणि पाण्यापाण्याने थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीला उतरायचं. मार्गाचा अभ्यास करायचं काम माझ्याकडे आलं. नकाशे काढले, जुनी गॅझेटिअरं चाळली, आणि लक्षात आलं की हाच बेत दीडशे वर्षांपूर्वी एका सरकारने आखला होता, त्यावर दहा वर्षं घालवली होती आणि शेवटी हात टेकले होते. त्या बेतापायी आपलं सिरोंचा एका जिल्ह्याचं मुख्यालय झालं होतं, हे आज सिरोंच्यातल्याही किती पोरांना माहीत असेल?

आधी मार्ग बघा. आष्टीहून वैनगंगा खाली जाते, चपराळ्याला वर्धा येऊन मिळते, आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. अहेरीजवळचं वांगेपल्ली, मग देवलमरी, मग सिरोंचा. सिरोंच्याच्या थोडं खाली, काळेश्वरसमोर, प्राणहिता गोदावरीत जाते. पुढे डाव्या हाताने बस्तरातून इंद्रावती येते. मग इंचमपल्ली, दुम्मागुडेम, भद्राचलम, पापिकोंडलूची खिंड, पोलावरम आणि राजमहेंद्री. एका काठावर महाराष्ट्र, दुसऱ्या काठावर तेलंगणा, मध्येच छत्तीसगड, शेवटी आंध्र. बोटीला वळणं घ्यायचीच तेवढी, रस्ता चुकायची सोय नाही.

कागदावर तर हा सरकारी मार्गच आहे! २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग आहेत. त्यात वैनगंगा-प्राणहिता आहे, वर्धा नदीही आहे. आणि राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये गोदावरी भद्राचलमपासून वर कुठवर धरली आहे? नाशिकपर्यंत. मध्ये जायकवाडीसारखं धरण आडवं आहे आणि तिथून बोट खाली उतरवायची काही सोय नाही, हे कायद्याच्या यादीला अडचणीचं वाटलेलं दिसत नाही.

आता इंग्रजांच्या बेताकडे येऊ.

सर आर्थर कॉटन हा मद्रासकडचा इंजिनिअर. १८४७ ते १८५२ या काळात त्याने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला आणि खालचा सगळा त्रिभुज प्रदेश भाताखाली आणला. तिकडे आजही त्याचे पुतळे आहेत, लोक त्याला मानतात. या माणसाचा ठाम विश्वास होता की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडेल. त्याची नजर वर वळली. कशासाठी? कापसासाठी.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्याच वर्षाच्या शेवटी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये त्यांचं राज्य खालसा झालं. म्हणजे वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस हातात आला, पण तो बंदरावर न्यायचा कसा? बैलगाड्यांनी, नाहीतर बंजाऱ्यांच्या तांड्यांनी, महिनोन्‌महिने चालत. वाटेत पाऊस, धूळ, चोरी. कॉटनची मांडणी सोपी होती. वर्धा नदी कापसाच्या मुलखातूनच वाहते. तिच्यातून प्राणहिता, प्राणहितेतून गोदावरी, आणि गोदावरीतून समुद्र. खाली कापूस जाईल, वर मीठ येईल.

१८६० मध्ये निजामाशी नवा तह झाला. गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांनी घेतले, त्यात सिरोंचा होतं. नदीतून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही हेही ठरलं. या पट्ट्याचा 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा केला आणि त्याचं मुख्यालय ठेवलं सिरोंच्याला. घनदाट जंगलातल्या, तेलुगू-गोंडी-मराठी बोलणाऱ्या या छोट्या गावात साहेबाची कचेरी आली ती नदीमुळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग तर या कामाला जोरच चढला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही या नदीमार्गाची पाठराखण केली.

प्रत्यक्ष काम कॅप्टन हेग या इंजिनिअरकडे होतं. त्याच्यापुढे तीन अडथळे होते आणि इंग्रजांनी ते समुद्राकडून वर मोजले. पहिला दुम्मागुडेमला. दुसरा इंचमपल्लीला, इंद्रावतीच्या संगमाच्या खाली. तिसरा आपल्याकडे, प्राणहितेत देवलमरीला. तिन्ही ठिकाणी नदीच्या पात्रात खडकांचे लांबच लांब पट्टे. पाणी त्यांच्यातून फुटून, उड्या मारत जातं. बोट तिथून नेता येत नाही. त्यावर उपाय असा : नदीला बंधारा घालायचा, बाजूने कालवा खोदायचा, आणि कालव्यावर लॉक बांधायचं. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. बोट आत घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून ती वर-खाली करायची. दुम्मागुडेमला हे काम बरंच पुढे गेलं. तिथला जुना बंधारा आजही उभा आहे.

पण जंगलातला ताप मजुरांना टिकू देईना. आणि दगड फोडला तरी खरी अडचण तशीच राहायची, ती म्हणजे पाणी. आपल्या नद्या हिमालयातून येत नाहीत. पाऊस पडला की दुथडी, दिवाळीनंतर उतरत्या, आणि उन्हाळ्यात रेतीच्या मधून पायाने ओलांडण्यासारख्या. कापूस वेचून, सरकी काढून, गाठी बांधून तयार होतो तो हिवाळ्यात. म्हणजे माल तयार होतो तेव्हा पाणी ओसरत असतं, आणि पाणी असतं तेव्हा कापूस शेतात उभा असतो. आपल्या कोणत्याही शेतकऱ्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं.

तेवढ्यात १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेला मार्गशीर्ष आणि श्रावण सारखाच. हिंगणघाटचा कापूस मुंबईकडे वळला तो वळलाच. ऑक्टोबर १८७१ मध्ये सरकारने काम सोडून दिलं. तोवर सुमारे सात लाख पौंड खर्च झाले होते. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला, काही भाग मद्रास इलाख्याला गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची एक तहसील झालं. पुढे २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा सिरोंचा त्याचं दक्षिण टोक बनलं. जिल्ह्याच्या गावापासून दोनशे किलोमीटर. आल्लापल्ली ते सिरोंचा रस्त्याने ज्यांनी पावसाळ्यात प्रवास केलाय, त्यांना या अंतराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता परत आपल्या मोटरबोटीकडे.

आमच्या बेतातला पहिला प्रश्न हेगचाच आहे : कोणत्या महिन्यात निघायचं? छोट्या बोटीला मागे लावायच्या इंजिनाचा पंखा पाण्यात बोटीच्या बुडाच्याही खाली असतो. म्हणजे सलग तीन फूट तरी पाणी हवं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी भरपूर, पण पुराला भिऊनच राहायला हवं. १५ सप्टेंबर २०१९ ला पापिकोंडलूच्या वाटेवर, कच्चुलुरूजवळ, पर्यटकांची मोठी बोट उलटली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. नदी तेव्हा फुगलेली होती. जानेवारीनंतर उलट अडचण : रेतीत पंखा घासणार, आणि इंजिन थंड ठेवायला जे पाणी आत ओढलं जातं त्याबरोबर रेती जाऊन पंप बसणार. राहतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस थांबलेला, पाणी अजून बरं, खडक ओळखू येणारे.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. २५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण दहा लिटर पितं. काठावर पंप नाहीत, गावंही लांब-लांब. डबे भरून नेले तर बोट जड, बोट जड तर ती पाण्यात आणखी खाली बसते, आणि परत तीन फुटांचा हिशोब बिघडतो. त्यामुळे आधी रस्त्याने जाऊन आष्टी, अहेरी, सिरोंचा, भद्राचलम अशा ठिकाणी पेट्रोल ठेवावं लागेल. प्रवाहाच्या दिशेने जायचं म्हणून इंजिन निम्म्या जोरावर चालवता येईल, हाच काय तो फायदा. बोटीची नोंदणी, सर्वांना लाइफ जॅकेट, आणि प्रत्येक टप्प्यावर तिथला नावाडी सोबत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. देवलमरीच्या खडकातून कोणत्या पाण्यात डोंगा निघतो, हे तिथल्या मासेमारी करणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. ते ना गुगलला ठाऊक, ना जलमार्गाच्या यादीला.

तिसरा प्रश्न हेगला नव्हता. त्याचे तिन्ही अडथळे निसर्गाचे होते. आपल्या वाटेत आता माणसाने बांधलेले आहेत. काळेश्वरच्या खाली मेडिगड्डाचा बॅरेज, ८५ दरवाजांचा. २१ जून २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याचं एक टोक तेलंगणात आणि दुसरं सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्लीला. पुढे तुपाकुलगुडेमला आणखी एक बॅरेज, त्यापुढे पोलावरमचं धरण. बॅरेजवरून बोट जात नाही. बोट काठावर ओढायची, ट्रॅक्टरवर चढवायची आणि खालच्या अंगाला परत पाण्यात सोडायची. म्हणून बोट हलकी हवी, सहा माणसांनी उचलण्यासारखी.

आमच्यासाठी ही एका दिवसाची कटकट. सिरोंच्याच्या शेतकऱ्यासाठी काय आहे? मेडिगड्डाचं पाणी अडलं की मागे त्याच्या शेतात चढतं, दरवाजे उघडले की खालची शेतं पाण्यात. २०२२ च्या जुलैच्या पुरात सिरोंचा तालुक्याने काय भोगलं ते आपण पाहिलंय. धान गेलं, मिरची गेली, जमीन खरवडून गेली. मोबदल्यासाठी लोक उपोषणाला बसले. आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याच बॅरेजचे खांब खचले. केंद्राच्या धरण सुरक्षा प्राधिकरणाने आखणीपासून बांधकामाच्या दर्जापर्यंत दोष दाखवले. सिंचन तिकडच्या राज्याला, बुडीत इकडच्या तालुक्याला, आणि शेवटी पाणीही धड अडेना.

इथे मला दोन्ही गोष्टी एका रेषेत दिसतात. १८६० मध्ये नदीचा बेत धवळेश्वरम, मद्रास आणि लंडनच्या नजरेतून आखला गेला. सिरोंचा म्हणजे त्यांच्या लेखी मालाच्या वाटेवरचं एक ठाणं. काम फसल्यावर ठाणं उठलं, कचेरी गेली. आता बेत हैदराबादेत आखला जातो, जलमार्गाची यादी दिल्लीत होते. आणि हेगचा दुसरा अडथळा, इंचमपल्ली? तिथलं पाणी कावेरीकडे वळवायची नदीजोड योजनाही कागदावर आहे. नदी आपल्या दारातून जाते, पण तिच्याबद्दल दारातल्या माणसाला कोणी विचारत नाही.

म्हणून जलमार्गाच्या फलकावर फीत कापायला कोणी येईल, तेव्हा आपण तीन साध्या गोष्टी मागूया. एक, आष्टी ते सिरोंचा प्रत्येक महिन्यात नदीत किती फूट पाणी असतं, ते मोजून गावागावात मराठीत आणि तेलुगूत लावा. दोन, मेडिगड्डाचे दरवाजे उघडणार-मिटणार असतील तर सिरोंच्याच्या सरपंचांना आधी कळवा, बातमीतून कळायची वेळ आणू नका. तीन, पात्र ओलांडायला आजही जिथे डोंग्याशिवाय साधन नाही, तिथे धड घाट आणि लाइफ जॅकेट द्या. सात लाख पौंडांच्या मानाने हा खर्च चिल्लर आहे.

आमचा बेत कायम आहे. दसरा-दिवाळीच्या मधल्या पाण्यावर निघायचं ठरतंय. वांगेपल्ली ते सिरोंचा या टप्प्यात कोणाच्या ओळखीचे अनुभवी नावाडी असतील तर इनबॉक्समध्ये सांगा. आणि घरात कोणा आजोबांकडे सागवानाचे तराफे गोदावरीतून राजमहेंद्रीकडे सोडत त्या काळच्या आठवणी असतील, तर त्या आधी लिहून घ्या. त्या कोणत्याही गॅझेटिअरात सापडणार नाहीत.