मीठ, मोह आणि काजूची भट्टी

गोव्याला भट्ट्या बघायला गेलो होतो असं सांगितलं की लोक हसतात. दारूबंदीच्या अर्जावर सह्या गोळा करणाऱ्या बायका, आणि दारू कशी पाडतात ते बघायला गेल्या! पण गेलो खऱ्या, पोहरादेवीच्या आसपासच्या गटांतल्या अठरा जणी. घरी किती जणींनी नुसतं ‘काजू प्रक्रिया’ एवढंच सांगितलं होतं, ते इथं सांगत नाही. नाशिकचे द्राक्षमळे आणि वायनरी आपण ऐकून आहोत. समुद्रकाठी मात्र काजू आहे, आणि त्या किनाऱ्याशी आपल्या तांड्यांचं जुनं नातं आहे.

बंजारा समाजाला लमाण म्हणतात. हा शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आला असं मानतात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य खाली न्यायचं आणि समुद्राचं मीठ घाट चढवून आणायचं, हा धंदा कितीतरी पिढ्या चालला. गोव्याच्या मिठागरांतलं मीठही असंच वर येई. 1878 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांनी आपल्या हातात घेतला. तो करार 1892 ला संपला. तोवर आगगाडी सगळीकडं पोचत चालली होती, आणि बैलांच्या तांड्यांना माल उरला नव्हता.

त्याच 1878 साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला. त्याआधी कोकणात माडी-ताडी आणि मोहाची दारू गावोगाव निघायची. आता झाड छेदायचं तर कर आणि परवाना, गाळायचं तर मोठ्या ठेकेदाराच्या भट्टीत. उरणला अशा मोठ्या भट्ट्या होत्या, तिथं मोहाची फुलं गुजरातेतून येत. 1892 ला तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि फुलं बाळगण्यावरच बंधन आलं. ही फुलं टंचाईत भाजून खातात, गुरांना घालतात. पण सरकारला त्यात फक्त चोरून पाडलेली दारू दिसली. लोकांची नशा कमी व्हावी म्हणून हे केलं असं कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही, कारण ठेकेदाराच्या दुकानांतून विक्री चालूच होती आणि सरकारचा महसूलही. आपला वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, पण ठेक्याची पद्धत इकडंही होतीच.

आता काजू. हे झाड आपलं नाही. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. माडाची फेणी गोव्यात होतीच, काजूची तिच्यानंतरची. मार्च ते मे हा हंगाम. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलं वेचतात. हे काम बायकांचं. वाकून वेचायचं आणि पीळ देऊन बी वेगळी करायची. एका सकाळीच आमच्यातल्या दोघींच्या कमरा धरल्या, कापूस वेचायची सवय असून! मग दगडी कुंडात बोंडू पायांनी तुडवतात, ते गडी करतात. चोथा दाबून ठेवला की शेवटी जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो, गोड आणि थंड. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबवायचा आणि भांड्यात उकळून वाफ गार करायची. पहिल्या उकळीचा उर्राक सौम्य असतो. तो पुन्हा रसाबरोबर उकळला की फेणी. भट्टीवाला म्हणाला, कडक माल पेल्यात ओतला की फेस धरतो, त्यावरून हे नाव पडलं.

2009 ला गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 ला तिथल्या सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. आता पर्यटक पैसे देऊन भट्टी बघायला येतात. सरहद्द ओलांडून दोडामार्ग, सावंतवाडीकडं आलं की तेच झाड, तेच बोंडू, पण झाडाखाली कुजतं. काही माल गोव्याला जातो, बराचसा वाया. कारण गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडं होता, आणि आपल्याकडं 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्राच्या नावानं चालतो.

भट्टीवर आमच्यातल्या एकीनं विचारलं, “भाऊ, परवाना कोणाच्या नावावर?” तो हसून म्हणाला, “माझ्या.” वेचणाऱ्या बायांना रोजंदारी. हा प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा होता.

परत आल्यावर बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, आपल्याकडंही मोह आहे, गोव्याची वारसा होते आणि आपली हातभट्टीच राहते, पोलीस मात्र बाईच्या चुलीवर येतात. दुसरीनं तिला तिथंच अडवलं. सेवालाल महाराजांनी नशा सोडा म्हणून सांगितलं आणि आपण त्यांच्याच गावात हे बोलायचं? तिच्या घरात नवऱ्याच्या पिण्यानं दोन एकर गेलेत, तिचं ऐकावंच लागतं. आडव्या बाटलीच्या मतदानाचाही विषय निघाला. पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की मतदान होतं, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं पडली की परवान्याचं दुकान बंद. हातभट्टीला ते लागू नाही, कारण कागदावर ती नाहीच.

शेवटी ठरलं ते एवढंच: दारूचा कुठलाही धंदा गटानं करायचा नाही. मोहाचे लाडू आणि सुकवलेली फुलं मात्र करून बघायची, आणि त्याचा परवाना लागला तर तो गटाच्याच नावावर. फुलं चैत्रात पडतात, तेव्हा जाळ्या आत्ताच विणायला घेतल्या आहेत.