अर्ज, तक्रार आणि दाद

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील अर्जनवीस होते. तालुक्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली एक लोखंडी टेबल, मराठी टाइपरायटर आणि कार्बन पेपरचा गठ्ठा, एवढाच त्यांचा कारभार. लोक येत, आपले गाऱ्हाणे सांगत. कोणाच्या बांधाचे भांडण, कोणाचे रेशनकार्ड हरवलेले. अब्बा सगळे ऐकून घेत आणि त्याचा एक पानाचा अर्ज करून देत. मग बजावून सांगत, "आत बारनिशीत दे, पण पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. नंबर पडला तर तो अर्ज, नाहीतर रद्दी."

आपल्या मराठीतले हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. अर्ज म्हणजे पुढे मांडणे. फिर्याद म्हणजे आक्रोश. दाद म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो आणि मुशायऱ्यात दाद देतो, शब्द एकच. आणि तक्रार? अरबीत तिचा मूळ अर्थ आहे पुन्हा पुन्हा म्हणणे. हा अर्थ लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

आज हे सांगायचे कारण जरा अनपेक्षित आहे. मला बोलायचे आहे ते संगणकावर लिहिण्यासाठी, हिशेबासाठी मोफत मिणाऱ्या ओपनऑफिसबद्दल आणि त्यातूनच फुटलेल्या लिबरऑफिसबद्दल. त्याहूनही जास्त, त्यांच्या दारात पंचवीसेक वर्षे पडत आलेल्या अर्जांबद्दल.

२००६ च्या सुमारास माझ्या भाच्याने माझ्या संगणकावर ओपनऑफिस बसवून दिले. मी विचारले, "बिल किती?" "काही नाही, मामू." "मग काही अडले तर जायचे कोणाकडे?" त्याने मला एक भलीमोठी यादी उघडून दाखवली. जगभरच्या लोकांनी केलेल्या मागण्या आणि तक्रारी. प्रत्येकीला नंबर, तारीख आणि खाली शेरे. कोणीही अर्ज करावा आणि कोणीही कोणाचाही अर्ज वाचावा. मी थक्क झालो. अब्बांच्या कचेरीची बारनिशी कोणीतरी रस्त्यावर आणून उघडी ठेवली होती!

या बारनिशीचा उगम जर्मनीतला. १९८५ साली मार्को बोरीस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने लूनेबुर्ग गावी स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचे स्टारऑफिस जर्मनीत चांगले चालले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनीच विकत घेतली. आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी दुसऱ्याचे सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा हे स्वस्त पडले, असे सनमधली मंडळी पुढे सांगत. १३ ऑक्टोबर २००० रोजी सनने त्याची मूळ लिखावट, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुली केली. ओपनऑफिस ते हेच. खुल्या झालेल्या त्या लिखावटीत कारागिरांनी स्वतःसाठी केलेल्या नोंदी जर्मन भाषेत होत्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर स्वयंसेवक पुढे कित्येक वर्षे करत बसले होते. मोडीतले दफ्तर वाचणाऱ्यांची मला आठवण होते.

१ मे २००२ रोजी पहिली पक्की आवृत्ती आली आणि अर्जांचा पूर सुरू झाला. लिहिलेले पान पीडीएफ करून द्या, अशी मागणी होती. २००३ च्या १.१ आवृत्तीत एका टिचकीची सोय झाली. माहितीचा साठा ठेवण्याचे साधन द्या. २००५ मध्ये ते आले. हिशेबाच्या तक्त्यात जास्त ओळी द्या, ही मागणी मात्र बरीच रेंगाळली. तेव्हा एका तक्त्यात ६५,५३६ ओळी मावत. २०११ च्या लिबरऑफिसच्या पहिल्या आवृत्तीत त्या १०,४८,५७६ झाल्या. स्तंभांचे तर विचारूच नका. ते २००८ मध्ये २५६ वरून १,०२४ झाले आणि १६,३८४ व्हायला २०२२ उजाडले. एवढ्या ओळी लागतात कोणाला, असे मलाही वाटायचे. पण २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोरोनाच्या सुमारे सोळा हजार रुग्णांच्या नोंदी मोजणीतून गळाल्या. कारण त्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरल्या जात होत्या आणि तिथली मर्यादा हीच, ६५,५३६ ओळींची. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या लोकांना वेळेवर कळवताच आले नाही. तक्ता भरला म्हणजे काय होते ते तेव्हा समजले.

आता शेऱ्यांकडे वळू. सरकारी फायलीवर "नियमानुसार कार्यवाही व्हावी" असे लिहिलेले असते. इथले शेरे वेगळे. 'माहिती अपुरी', 'करणार नाही', 'ही चूकच नाही', आणि सर्वांत मजेशीर म्हणजे 'माझ्याकडे तर नीट चालते'. पण वारंवार दिसणारा एक शेरा म्हणजे 'हे आधीच आले आहे'. एकच गाऱ्हाणे ब्राझीलचा शिक्षक मांडतो, फ्रान्सचा कारकून मांडतो, पुण्याचा विद्यार्थी मांडतो. कोणीतरी स्वयंसेवक बसून ते सारे अर्ज पहिल्याच्या नंबराला जोडतो. तक्रार म्हणजे पुनरुक्ती, हे अरबांना आधीच ठाऊक होते! पुनरुक्ती निरुपयोगी नसते, हेही इथे कळते. एका नंबराला जितके अर्ज चिकटतील तितके त्याचे वजन वाढते.

तरीही वजन वाढले म्हणून काम होतेच असे नाही. इथे ग्राहकाची सवय असलेल्या आपल्यासारख्या माणसाचा गोंधळ उडतो. पैसे मोजले असते तर दुकानदाराला जाब विचारला असता. इथे विचारायचा कोणाला? काम करणाऱ्यांपैकी काही पगारी, काही हौशी. हौशी माणूस त्याला आवडेल ते काम उचलतो, पगारी माणूस मालक सांगेल ते. मग आवडीचेही नाही आणि मालकाच्या फायद्याचेही नाही, असे काम कोण करणार?

या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके प्रकरण अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यातले आहे. २००५ च्या सप्टेंबरात त्या राज्य सरकारने ठरवले की आपली कागदपत्रे यापुढे ओपन डॉक्युमेंट या खुल्या नमुन्यात ठेवायची. हा नमुना ओपनऑफिसच्या फाइलींवरूनच बेतलेला होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात ओएसिस या संस्थेने तो प्रमाण म्हणून मंजूर केला होता. सरकारचा विचार चोख होता. सार्वजनिक दस्तऐवज शंभर वर्षांनीही वाचता आला पाहिजे, तो एका कंपनीच्या मर्जीवर राहता कामा नये. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आनंद साजरा केला. आणि मग विरोधाचा एक आवाज अशा दिशेने आला की कोणालाच काही बोलता येईना. तो अंध आणि अपंग कर्मचाऱ्यांचा होता.

त्यांचे म्हणणे साधे होते. आम्ही पडदा पाहू शकत नाही, पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो. तो मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसशी बोलतो, तुमच्या ओपनऑफिसशी त्याला नीट बोलता येत नाही. उद्या सक्ती झाली तर आमची नोकरी कशी चालायची? ज्या गोष्टीला आपण मुक्त म्हणतो तिचे दार काही लोकांना बंद आहे, असा त्याचा अर्थ होता. मुक्त सॉफ्टवेअरची बाजू घेणाऱ्या काहींना यात प्रतिस्पर्धी कंपनीचा हात दिसला. कंपनीचा विरोध होताच, तो लपलेला नव्हता. पण म्हणून अंध माणसाचा अर्ज खोटा ठरत नाही. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत खरा अर्ज.

त्याची दखल घेतली गेली. नमुन्यात सुधारणा करून २००७ च्या फेब्रुवारीत त्याची १.१ आवृत्ती मंजूर झाली, ती मुख्यतः याच कामासाठी. आयबीएमने वाचक-प्रोग्रॅमशी बोलण्याची एक नवी पद्धत तयार करून २००६ च्या अखेरीस सर्वांसाठी खुली केली. ती विंडोजवर चालणाऱ्या लिबरऑफिसमध्ये आणि अपाचे ओपनऑफिसमध्ये प्रत्यक्ष उतरायला मात्र २०१४ साल आले. अर्ज २००५ चा, निकाल २०१४ चा. नऊ वर्षे! दरम्यान २००७ मध्ये मॅसेच्युसेट्सने मायक्रोसॉफ्टचा नमुनाही आपल्या यादीत घेऊन टाकला होता.

सगळेच अर्ज असे गंभीर नसतात. काही एकमेकांच्या विरुद्ध असतात. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या ऑफिसमध्ये जुने मेनू काढून वर चित्रांची रुंद पट्टी आणली. झाले, ओपनऑफिसच्या दारात दोन रांगा लागल्या. एक म्हणे तशी पट्टी द्या, दुसरी म्हणे द्याल तर याद राखा. २००९ मध्ये सनने नव्या रूपाचा एक कच्चा नमुना दाखवला तर लोक तुटून पडले. शेवटी २०१९ मध्ये लिबरऑफिसने पट्टीही दिली आणि जुने मेनूही ठेवले. ज्याला जे हवे ते त्याने निवडावे. नवरा-बायकोच्या भांडणात काजीसाहेबांनी दोघांनाही बरोबर ठरवावे, तसे.

पण बारनिशी उघडी असली तरी कचेरी कोणाची, हा प्रश्न उरतोच. ओपनऑफिसची कचेरी सनची होती. बाहेरच्या कारागिराने नुसती मागणी न करता काम करून आणून दिले, तरी त्याने आधी त्यावरचा हक्क सनलाही लिहून द्यायचा आणि मग वाट पाहायची. अशी पडून राहिलेली कामे एकत्र करून काही मंडळी गो-ओओ नावाने वेगळी आवृत्तीच काढत असत. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सनचा ताबा घेतला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला बरेचसे कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी 'डॉक्युमेंट फाउंडेशन'ची घोषणा केली. लिबरऑफिस ते यांचे. जर्मन कायद्याप्रमाणे संस्था स्थापायला पन्नास हजार युरो लागत होते. २०११ च्या फेब्रुवारीत त्यांनी लोकांपुढे हात पसरले आणि आठ दिवसांत रक्कम जमली. आजवर अर्ज करणारे लोक स्वतःच कचेरी बांधायला निघाले होते. मूळ ओपनऑफिस पुढे अपाचे या संस्थेकडे गेले. ते अजून मिळते, पण २०१४ च्या ४.१ नंतर तिथे मुख्यतः डागडुजीच चालली आहे.

माझा स्वतःचा यातला स्वार्थ सांगतो. १९९८ मध्ये मी माझा कवितासंग्रह गावातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता. पुढे दुसरी आवृत्ती काढायची म्हणून जपून ठेवलेली फ्लॉपी उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की भाषा गेली. संग्रहातले सगळे छापील पुस्तकावरून पुन्हा टाइप केले. पण त्याच फ्लॉपीवर न छापलेल्या दोन कविता होत्या. हस्तलिखित कधीच गहाळ झालेले. त्या गेल्या त्या गेल्याच. त्यामुळे खुला नमुना, युनिकोड हे शब्द माझ्यासाठी कोरडे नाहीत. लिबरऑफिसची फाइल ही खरे तर एक गाठोडे आहे. ते सोडले की आत साधा मजकूर सापडतो. उद्या हा प्रोग्रॅम नसला तरी कोणीही तो वाचू शकेल.

आपल्या लिपीची दादही अशीच टप्प्याटप्प्याने लागली. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी बसते, जोडाक्षरे एकमेकांत शिरतात. उर्दू उजवीकडून डावीकडे धावते. अशा लिपींची सोय ओपनऑफिसमध्ये २००३ च्या १.१ आवृत्तीत आली. तरी वेगवेगळ्या संगणकांवर अक्षरे मांडणारी यंत्रणा वेगवेगळी होती. २०१७ च्या फेब्रुवारीत लिबरऑफिसच्या ५.३ आवृत्तीने सगळीकडे एकच यंत्रणा आणली. तिचे नाव हार्फबझ. हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. खुले अक्षर! ही यंत्रणा घडवणारे बेहदाद इस्फहबोद मूळचे इराणचे आणि लिबरऑफिसमध्ये ती बसवण्याचे मोठे काम केले ते इजिप्तच्या खालिद होस्नी यांनी. अमीरी हा सुंदर अरबी फॉन्ट बनवणारे ते हेच. अरबी अक्षर नीट उमटावे म्हणून झटणाऱ्या माणसाच्या कष्टातून माझे मराठी अक्षरही सुधारले. फॉन्टमध्ये सोय असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी खूण केली असेल, तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न उमटता आपल्या वळणाचे उमटतात. बालभारतीच्या पुस्तकात गिरवलेला 'ल' पडद्यावर पाहून माझा जीव किती सुखावला, ते फक्त मराठी शाळेत शिकलेल्या माणसालाच कळेल.

अब्बा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेत पोचपावत्यांचा एक पुडका निघाला. लोकांचे अर्ज ते कधी कधी स्वतःच आत नेऊन देत, त्यांच्या पावत्या. शाई उडालेली, पण आवक क्रमांक वाचता येतात. त्यातल्या किती अर्जांचा निकाल लागला, ते आता कोणाला विचारणार?

रेडिओवाल्यांनी या भाषणासाठी मला वेळ मोजून दिला आहे. पूर्वी मी बोटांवर ओळी मोजायचो. आता लिहिता लिहिताच पडद्याच्या तळाशी शब्दांचा आकडा पळताना दिसतो. ही सोय २०१२ च्या ३.६ आवृत्तीपासूनची. त्याआधी दर वेळी मेनूत शिरून शब्द मोजून घ्यावे लागत. आत्ता तो आकडा ठरलेल्या मर्यादेला टेकला आहे, तेव्हा इथेच थांबतो.