प्रौढांना शिकवणाऱ्याच्या हाती काय होते?

शाळेतल्या शिक्षकाच्या हाताशी बरेच काही असते. फळा असतो, पाठ्यपुस्तक असते, प्रशिक्षण झालेले असते आणि वर्षातले दोनशेहून अधिक दिवस असतात. प्रौढांना शिकवायला जाणाऱ्याजवळ यातले फारसे काही नसते. तो बहुधा गावातलाच आठवी-दहावी शिकलेला मुलगा किंवा मुलगी. वर्ग रात्री, कामे आटोपल्यावर, कोणाच्या तरी ओट्यावर भरतो. समोरची माणसे त्याच्याहून वयाने मोठी असतात. शेती, बाजार, संसार यांतले त्यांना त्याच्यापेक्षा अधिक कळते. फक्त अक्षरे येत नाहीत. अशा शिक्षकाला कोणते साधन द्यावे, या प्रश्नाची निरनिराळ्या देशांत निरनिराळी उत्तरे शोधली गेली. त्या उत्तरांचा इतिहास आपल्याला आजही उपयोगी पडेल असा आहे.

तक्ता

फ्रँक लाउबाख हे अमेरिकन मिशनरी १९३०च्या सुमारास फिलिपीन्समधील लानाओ भागात काम करत होते. तेथील मारानाव लोकांसाठी त्यांनी वाचनाचे तक्ते तयार केले. लोकांच्या नेहमीच्या बोलण्यातले मोजके शब्द घ्यायचे, त्यांचे तुकडे पाडायचे आणि त्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे, अशी त्यांची रचना होती. पुढे जागतिक मंदीमुळे मिशनचा पैसा आटला आणि पगारी शिक्षक ठेवणे अशक्य झाले. तेव्हा तेथील एका प्रमुखाने ठरवले की, जो शिकला त्याने दुसऱ्या एकाला शिकवलेच पाहिजे. ‘एकाने एकाला शिकवावे’ ही जगभर गेलेली घोषणा अशी अडचणीतून जन्मली.

ती चालली याचे कारण तक्त्याच्या रचनेत होते. काल शिकलेला माणूस आज दुसऱ्याला शिकवू शकेल इतका तो सोपा होता. लाउबाख १९३५नंतर भारतातही अनेकदा आले आणि त्यांची पद्धत कित्येक भाषांत वापरली गेली. पण तक्ता वाचता आल्यावर पुढे काय वाचायचे, याचे उत्तर तक्त्यात नव्हते.

साताऱ्याचा अनुभव

हाच प्रश्न आपल्याकडे साताऱ्यात उभा राहिला. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्याच्या इतर जिल्ह्यांत पसरली. मोहिमेचा भार प्राथमिक शिक्षकांनी आणि गावातल्या सुशिक्षितांनी उचलला. येथे मुख्य साधन होते गावाचा अभिमान. सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. सुमारे चार महिन्यांत अक्षरओळख होत असे.

परंतु वर्ग संपल्यावर हाती वाचायला पुरेसे साहित्य राहिले नाही आणि नव्याने शिकलेले अनेक जण काही काळाने अक्षरे विसरले. वाचन हे कौशल्य आहे. ते अंगवळणी पडण्यापूर्वी सराव थांबला तर अक्षर ओळखायलाच इतका वेळ लागतो की, वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. मग माणूस वाचायचेच सोडून देतो.

कंदील आणि मार्गदर्शिका

१९६१ साली क्यूबाने एका वर्षात निरक्षरता हटवण्याची मोहीम काढली. सुमारे एक लाख विद्यार्थी, त्यांतले बरेचसे किशोरवयीन, खेड्यापाड्यांत राहायला गेले. त्यांच्याबरोबर दोन पुस्तके होती: शिकणाऱ्यासाठी वाचनपाठ आणि शिकवणाऱ्यासाठी वेगळी मार्गदर्शिका. शिवाय एक कंदील होता, कारण वीज नव्हती आणि दिवसा सगळे शेतात असत. पुस्तकांत सरकारी प्रचार भरपूर होता, हे नमूद केले पाहिजे. पण शिकवणारा अननुभवी आहे हे मान्य करून त्याच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले गेले, ही गोष्ट महत्त्वाची. वर्षअखेर सात लाखांहून अधिक लोक साक्षर झाल्याची नोंद झाली. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने फिडेल कॅस्ट्रो यांना पत्र लिहायचे होते.

चित्र आणि चर्चा

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरे वेगळ्या दिशेने गेले. १९६३ साली अंगिकोस या गावी सुमारे ३०० कामकरी माणसांना चाळीस तासांत लिहावाचायला शिकवण्याचा प्रयोग त्यांनी केला. आधी लोकांत राहून त्यांच्या जगण्यातले शब्द गोळा केले जात. त्यांतले मोजके निवडून प्रत्येकासाठी एक चित्र तयार होई. वर्गात प्रथम चित्रावर बोलणे, मग शब्द, मग त्याची फोड, असा क्रम असे. ‘तिजोलो’ म्हणजे वीट. ती-जो-लो अशी फोड केली की प्रत्येक तुकड्याचे कुटुंब मांडायचे: ता, ते, ती, तो, तू. ही तर आपली बाराखडीच झाली!

मराठीत हे करून पाहण्यासारखे आहे. ‘मजुरी’ हा शब्द घ्या. किती मिळते, बाईला कमी का मिळते, यावर आधी वर्गाला बोलू द्या. मग म, ज आणि र यांची बाराखडी मांडा. मजूर, रोज, जमा, जोर, मोजा हे शब्द शिकणारे स्वतःच जुळवतील. तीन अक्षरांत हिशेबाची निम्मी भाषा येते. अर्थात अशा चर्चा सत्ताधाऱ्यांना रुचतातच असे नाही. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली, फ्रेअरे यांना तुरुंगात टाकले आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला.

मोजपट्टी आणि चष्मा

भारतात राष्ट्रीय साक्षरता मिशन ५ मे १९८८ रोजी स्थापन झाले. त्याच्या पद्धतीत चढत्या क्रमाची तीन पुस्तके, सुमारे २०० तास आणि पुस्तकातच छापलेल्या चाचण्या होत्या. साक्षर कोणाला म्हणायचे हेही ठरले: साधा मजकूर मिनिटाला ३० शब्द या गतीने मोठ्याने वाचणे, मिनिटाला ७ शब्द पाहून लिहिणे, ५ शब्द ऐकून लिहिणे, शंभरपर्यंतच्या संख्या आणि साधा हिशेब. आपण कोठवर आलो, हे स्वयंसेवकाला आणि शिकणाऱ्याला साहेबांची वाट न पाहता कळू लागले.

केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात १९८९ साली मोहीम सुरू झाली आणि फेब्रुवारी १९९०मध्ये तो देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. केरळ शास्त्र साहित्य परिषद या विज्ञानप्रसार करणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते त्यात पुढे होते. तेथे लक्षात आले की, अनेक वयस्कांना अक्षरे येत नव्हती, कारण ती दिसतच नव्हती. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसते. ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसणाऱ्याला आपण मंदबुद्धीचे ठरवतो. मोहिमेने लोकांकडून चष्मे जमवले. चष्मा हेही शैक्षणिक साधन ठरले.

एक धडा

नीट निवडलेला मजकूर काय करू शकतो, हे आंध्र प्रदेशातल्या नेल्लोरमध्ये दिसले. तेथील साक्षरता मोहिमेच्या वाचनपुस्तकात दारूपायी होणाऱ्या संसाराच्या नासाडीवर आणि बायकांच्या एकजुटीवर धडे होते. वर्गात त्यांवर बोलणे झाले. दुबगुंटा गावच्या बायकांनी अरकाचे दुकान बंद पाडले आणि १९९२मध्ये हे लोण जिल्हाभर पसरले. १ ऑक्टोबर १९९३पासून राज्यात अरकबंदी लागू झाली. याला इतरही कारणे होती, पण सुरुवातीला तो धडा आणि ती रात्रीची बैठक होती.

आपल्यापुढचे काम

२०११च्या जनगणनेनुसार देशात सात वर्षांवरील चौघांपैकी साधारण एक जण निरक्षर होता. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि तो स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. हे स्वयंसेवक शोधून देण्याचे काम बहुतेक ठिकाणी शाळेकडेच येते. शिक्षकांवर आधीच किती कामे आहेत, हे सांगायला नको. तरीही एखादा दहावीचा विद्यार्थी आजीला शिकवायला निघाला, तर नुसते छापील पुस्तक देऊन त्याला पाठवू नये. आजीला जवळचे दिसते का, हे आधी पाहायला सांगावे. तिच्या बोलण्यातले दहा शब्द वहीत लिहून आणायला सांगावेत. आणि पुस्तक संपल्यावर शाळेच्या वाचनालयातून तिच्यासाठी दर आठवड्याला मोठ्या टाइपातले एक पातळ पुस्तक घरी जाऊ द्यावे. साताऱ्यात कमी पडले होते ते हेच, आणि ते देणे शाळेच्या हातात आहे.