पोढी आणि राखणदार

शिवनेरीवर जाणारा माणूस दोन ठिकाणी हटकून थांबतो. एक म्हणजे शिवजन्माची इमारत आणि दुसरे म्हणजे गंगा-जमुना ही टाकी. चढण चढून घामाघूम झालेला माणूस वाकून ओंजळभर पाणी पितो, मुलाबाळांना पाजतो, 'काय गार पाणी आहे!' असे म्हणतो आणि पुढे निघतो. मीही कितीतरी वेळा असाच निघालो आहे. हे टाके कोणी खोदले असेल, असा प्रश्न कधीमधी मनात येई. पण ते गाळाने बुजू कोणी दिले नाही, हा प्रश्न काही माझ्या मनाला पुष्कळ वर्षे शिवला नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुन्नरच्या खडकावर जागोजाग कोरलेले आहे. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने एक पोढी आणि एक मंडप दिला, असे मानमोडीचा लेख सांगतो. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. अमात्य, परदेशी, व्यापारी अशा सगळ्यांनी मिळून आमच्या तालुक्याचा हा डोंगर पाणीदार केला. त्यांची नावे आजही वाचता येतात. गाळ काढणाऱ्याचे नाव मात्र मला कुठे आढळले नाही.

दुसरा प्रश्न मनात आला तो एका भलत्याच ठिकाणी, खोडदला.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे पडते आणि जुन्नर तालुक्यातले नारायणगाव येते. तमाशाच्या या पंढरीतून पूर्वेला वळले की थोड्या वेळाने उसाच्या आणि कांद्याच्या वावरांवरून लोखंडी तारांच्या प्रचंड परड्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या दिसू लागतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, ती पाहायला शाळकरी मुलांची जत्रा भरते. एके वर्षी त्या जत्रेत मीही शिरलो.

तबकड्या आभाळातून जे टिपतात, त्याचा अर्थ लावायचे काम संगणकांचे. तिथे माहिती सांगणारा तरुण म्हणाला, "हे संगणक लिनक्सवर चालतात."

मी माझ्या पिढीचा प्रश्न विचारला, "ही कोणत्या कंपनीची?"

"कोणत्याच कंपनीची नाही, काका. सगळ्यांची."

"मग बिघडली तर कोणी बघायचे?"

"ज्याने जो भाग सांभाळायला घेतला आहे, तो बघतो. पुष्कळ जण तर पगाराशिवाय करतात."

घरी परत येताना मला गंगा-जमुना आठवली. तेव्हापासून मी या राखणदारांचा इतिहास गोळा करीत आलो आहे. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा चकलीपासूनच सुरुवात करू. शेजारीण चकल्यांचे ताट देते, पण भाजणीचे प्रमाण काही सांगत नाही. चकली खायला मिळते, करता येत नाही. तिखट जास्त झाले तर बदलता येत नाही. एके काळी संगणकावरचे कार्यक्रम बहुतेक असेच असत. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले की, मी अशी एक संपूर्ण प्रणाली करणार, जिची भाजणी सर्वांना खुली राहील. कोणीही ती वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. इंग्रजीत 'फुकट' आणि 'मुक्त' या दोहोंना एकच शब्द असल्याने त्यांना जन्मभर खुलासे करीत बसावे लागले. मराठीत ती अडचण नाही. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. फुकट मिळते हा त्यातला किरकोळ भाग. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने या प्रणालीला हवा असलेला गाभा, लिनक्स, लिहिला.

पण भाजणी, तूप, साखर, रवा असे सगळे ओट्यावर मांडले म्हणजे फराळ होत नाही. हजारो लोकांनी हजार ठिकाणी लिहिलेले कार्यक्रम एकमेकांशी जुळते करून घरोघर पोचवणारे कोणीतरी हवे होते. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ते काम आरंभले. मैत्रीण डेब्रा आणि आपण इयन, म्हणून नाव ठेवले 'डेबियन'. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेला तो संसार आजही चालू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या त्याच्या आवृत्तीत सुमारे सत्तर हजार पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे एकेका कार्यक्रमाचा, संगणकावर चढवायला तयार असा डबा. आपल्या सी-डॅकने २००७ च्या सुमारास काढलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी केलेली आहे. आणि खगोलशास्त्रज्ञांना लागणारी अवजारे निवडून ठेवणारा 'डेबियन ॲस्ट्रो' नावाचा एक स्वतंत्र कोपरा त्यात आहे.

प्रत्येक डब्याला एक राखणदार असतो. कधी एक माणूस, कधी चार-पाच जणांची तुकडी. गंमत अशी की, आतला कार्यक्रम बहुधा दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेला असतो. राखणदाराचे काम तो आणायचा, परवाना तपासायचा, त्याला आणखी कोणकोणते डबे लागतात याची यादी बांधायची, लोकांच्या तक्रारी वाचायच्या, दोष सापडला तर दुरुस्ती करायची आणि ती मूळ लेखकाकडेही पाठवायची. नवा डबा प्रथम 'सिड' नावाच्या अस्थिर विभागात जातो. 'टॉय स्टोरी' या चित्रपटात खेळणी मोडणारा जो द्वाड पोरगा आहे, त्याचे हे नाव. तिथे काही दिवस मोडतोड न होता निभावले, तर तो चाचणीच्या विभागात सरकतो, आणि पुढे केव्हातरी स्थिर आवृत्तीत येतो. राखणदारांत सामील होऊ इच्छिणाऱ्याने आधीच्या सभासदाला प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र दाखवायचे आणि त्याने त्याच्या गुप्तलिपीच्या किल्लीवर सही करायची, अशी जुनी वहिवाट आहे. गावात नव्या माणसाला ओळखीचा माणूस लागतो, तसेच हे.

मला सर्वांत भावली ती त्यांची भाषा. राखणदाराला नोकरी लागते, लग्न होते, प्रकृती बिघडते, किंवा नुसताच कंटाळा येतो. मग तो आपले पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर करतो. अशा अनाथांची यादी सर्वांसमोर असते. दुसऱ्या कोणाला माया वाटली तर तो 'दत्तक घेतो' असे कळवतो. हे शब्द माझे नव्हेत, त्यांच्याच व्यवहारातले आहेत. कोणीच पुढे आले नाही, तर आज ना उद्या ते पॅकेज काढून टाकले जाते.

ही गोष्ट आपल्या भाषेपर्यंत येऊन पोचते. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची 'लेनी' ही आवृत्ती निघाली. ती ६३ भाषांतून संगणकावर चढवता येत होती, आणि त्यांत नव्याने आलेल्या भाषांत मराठी होती. देवनागरी साध्या अक्षरी पडद्यावर नीट उमटत नाही, म्हणून ज्या १३ भाषांना चित्ररूप पडदाच लागे, त्यांतही ती होती. हे शेकडो छोटे संदेश मराठीत कोणी आणले, ते या भाषेच्या वाचकाला विचारावेसेही वाटले नसेल. त्याच आवृत्तीतून एस्टोनियन भाषा मात्र गळाली, कारण भाषांतर ताजे ठेवणारे कोणी उरले नव्हते. आधी गळालेली वेल्श पुन्हा आली, कारण कोणीतरी पुन्हा बसले. भाषा मोठी की लहान, तिच्यात संत किती झाले, हे त्या यादीला कळत नाही. तिला एवढेच कळते, की यंदा कोणी बसले होते की नाही.

अक्षरांचेही तसेच. रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' हे टंक मुक्त केले आणि पुढे पुष्कळ वर्षे त्यांची निगा पुण्यातून राखली गेली. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. त्यात आपला तो 'ऱ'! तो नीट जुळला नाही, तर जुन्नरच्या दऱ्यांचा एका झटक्यात दर्या होतो आणि घाटमाथा समुद्रात बुडतो. हा लेख मी संगणकावर लिहितो आहे. दऱ्या जागच्या जागी आहेत. त्यामागे कोणाच्या तरी संध्याकाळी गेल्या आहेत.

पण या इतिहासाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. राखणदार हाही माणूसच असतो, आणि त्याची चूक सगळ्यांना भोवते. २००६ साली डेबियनमध्ये, गुप्तलिपी सांभाळणाऱ्या 'ओपनएसएसएल' या पॅकेजातली एक ओळ निरुपद्रवी समजून काढून टाकण्यात आली. ती ओळ किल्ल्या बेभरवशाच्या, म्हणजे कोणाला ओळखता न येणाऱ्या, राहाव्यात यासाठी होती. २००८ च्या मे महिन्यात उघडकीला आले, की दोन वर्षे जगभर घडलेल्या त्या किल्ल्या एका जातीत जेमतेम बत्तीस हजार प्रकारच्याच होत्या. चोराला त्या एकेक करून लावून पाहता येत होत्या. डेबियनने लपवाछपवी न करता सर्वांना कुलुपे बदलायला सांगितले.

२०१४ साली त्याच ओपनएसएसएलच्या मूळ लेखनात 'हार्टब्लीड' नावाचे भोक सापडले. जगातल्या कितीतरी बँका आणि दुकाने ज्या कुलुपावर विसंबून होती, त्याच्यासाठी पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता, आणि वर्षाकाठी देणग्या येत होत्या सुमारे दोन हजार डॉलरच्या.

आणि २०२४ साली तर राखणदाराच्या थकव्यावरच डाका पडला. 'एक्सझेड' नावाचे, फाइली दाबून लहान करणारे एक साधन एकच गृहस्थ वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळीत होते. प्रकृतीची कुरबुर, त्यात 'काम लवकर का होत नाही?' अशी परक्यांची टोचणी. अशा वेळी मदतीला एक अनोळखी माणूस आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने इमानाने काम केले, भरवसा मिळवला, आणि मग त्या साधनात एक चोरदरवाजा बसवला. तो डेबियनच्या सिडपर्यंत पोचलाही. त्याच सिडवर काम करीत असताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. त्याने ते सोडून दिले नाही. माग काढला आणि २९ मार्चला जगाला सावध केले. स्थिर आवृत्ती वाचली. द्वाड सिडने एकदाचे खेळणे मोडण्याऐवजी घर राखले.

या हकिकती वाचल्यावर मी पुन्हा जुन्नरच्या लेखांकडे वळलो, आणि पूर्वी नुसते वाचून सोडलेले काही लेख नव्याने दिसले. देणाऱ्यांनी नुसती लेणी आणि पोढ्या दिलेल्या नाहीत. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे त्यांनी पैसा गुंतवून ठेवला आहे. अडुथुम नावाच्या एका शकाने करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे लावून दिले आहे. शेजारच्या नाशिकात नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर गरजा भागवायच्या. याला 'अक्षयनीवी' म्हणत. म्हणजे त्या लोकांना पक्के ठाऊक होते, की देणे एका दिवसाचे असते आणि सांभाळणे रोजचे. आणि रोजच्या कामाला रोजचा आधार लागतो.

संगणकाच्या जगाला हे उशिरा उमगले, पण उमगले. हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी अशा कामांसाठी निधी उभारला. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांची डागडुजी करणाऱ्यांना २०१४ पासून फ्रेक्सियन ही फ्रान्समधील संस्था अनेक कंपन्यांकडून वर्गणी घेऊन मोबदला देते. हीही एक लहानशी अक्षयनीवीच. तरी सत्तर हजारांतील बहुतेक डबे अजून फावल्या वेळच्या मायेवरच आहेत.

एका बाबतीत मात्र डेबियनने जुन्नरच्या खडकावर मात केली आहे. प्रत्येक पॅकेजबरोबर बदलांची एक वही येते. कोणत्या तारखेला, कोणी, कोणता दोष काढला, हे तिच्यात नावानिशी लिहिलेले असते. गाळ काढणाऱ्याचे नाव तिथे आहे. ती वही उघडून वाचणारे थोडे, ही गोष्ट वेगळी.

आपल्या घरीही या दिवसांत फराळाचे कौतुक होते. माळ्यावरची जळमटे कोणी काढली, हे कोणी विचारीत नाही. यंदा विचारून पाहावे. आणि घरातल्या एखाद्या मुलाला संगणकाचा नाद असेल, तर त्याला त्या अनाथांच्या यादीची गोष्ट सांगावी. नवीन पोढी खोदण्याची हौस सर्वांनाच असते. एखादी जुनी सांभाळायला घेणारा जुन्नर-आंबेगावातून निघाला, तर मला शिवनेरीवरचे पाणी आणखी गोड लागेल.