जाहीर भाव आणि हातातला भाव : 'गेट-कम्प्युटेड-स्टाइल'चा इतिहास

ढोकीत बोलायचं आणि उसाचं उदाहरण द्यायचं नाही, हे काही जमायचं नाही. उसाची एफआरपी जाहीर होते, पण खात्यात तेवढेच पैसे पडतात का? उतारा बघतात, तोडणी-वाहतूक वजा होते, मग बिल निघतं.

वेबपानाचंही असंच असतं बघा. लिहिणारा म्हणतो, 'अक्षर दीडपट करा'. कशाच्या दीडपट? वरच्या घटकाचं माप १६ पिक्सेल असेल, तर २४. हा हिशोब ब्राउझर करतो.

१९९४ मध्ये होकन व्हिउम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली, १९९६ मध्ये तिचं पहिलं प्रमाण आलं. १९९८ च्या सीएसएस-२ मध्ये सांगितलेलं मूल्य, हिशोब करून काढलेलं मूल्य आणि प्रत्यक्ष वापरलेलं मूल्य असा स्पष्ट भेद केला गेला.

जावास्क्रिप्टची अडचण वेगळीच होती. घटकाच्या 'स्टाइल'मध्ये विचारलं, तर त्या घटकावरच थेट लिहिलेलं तेवढं मिळायचं. बाहेरच्या स्टाइलशीटमधलं काहीच नाही. म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये डॉम लेव्हल-२ मध्ये 'गेट-कम्प्युटेड-स्टाइल' आलं. हे बिलासारखं असतं, म्हंजे वाचता येतं, त्यात खाडाखोड करता येत नाही. पण इंटरनेट एक्स्प्लोररची वाट निराळी, 'करंट-स्टाइल'ची. तिथं २४ पिक्सेलऐवजी 'दीडपट' असंच उत्तर यायचं. २०११ मध्ये नववी आवृत्ती येईपर्यंत प्रोग्रामर दोन्ही वाटा सांभाळत होते. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीनं ते ओझं बरंच हलकं केलं.

आता खरी गंमत ऐका. पाहिलेल्या लिंकचा रंग बदलतो, हे आपल्याला माहीत आहे. मग एखाद्या साइटनं आपल्या पानात हजार लिंक लपवून ठेवल्या आणि प्रत्येकीचा रंग विचारला तर? तुम्ही कुठल्या आजाराची माहिती वाचली, कुठल्या बँकेच्या साइटवर गेलात, सगळं उघड! चूक कुणाचीच नव्हती. ब्राउझर फक्त खरं सांगत होता.

२०१० मध्ये मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी यावर उपाय जाहीर केला. लिंक पाहिलेली असली, तरी स्क्रिप्टला 'न पाहिलेली' असाच रंग सांगायचा. डोळ्यांना मात्र खरा रंग दिसायचा. इतर ब्राउझरांनीही हीच रीत धरली.

म्हणजे नेमका हिशोब सांगायला जन्मलेली ही सोय एका ठिकाणी मुद्दाम खोटं बोलते, तेही तुमच्या-माझ्यासाठी. बिल चोख असावंच, पण ते कुणाला दाखवायचं, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.