टीबीचा पेशंट घरीच का ठेवायचा? एका जुन्या प्रयोगाची गोष्ट

"डॉक्टर, हिला कुठं लांब ठेवायची सोय नाही का? पूर्वी पाचगणीला पाठवायचे, वानलेसवाडीला ठेवायचे. आमच्या चुलत सासऱ्यांना तसंच ठेवलं होतं म्हणे."

समोर बसलेल्या साठीच्या मावशी आपल्या सुनेबद्दल बोलत होत्या. सून शेजारच्या स्टुलावर खाली मान घालून बसलेली. बेडक्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला. घरात चार वर्षांची नात. मावशींचा दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. "एवढा मोठा आजार, आणि नुसत्या गोळ्या हातात देऊन घरी जा म्हणता. गरिबाला कुणी वाली नाही म्हणून का?"

असे प्रश्न मला अधूनमधून येतातच. तुमच्याही घरात किंवा शेजारी कुणाला टीबी झाला असेल तर ही शंका तुमच्या मनात येऊन गेली असेल. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. त्यासाठी सत्तर वर्षं मागे जावं लागतं, आणि सुरुवात आपल्याच भागातून करावी लागते.

वाईहून पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी. उंची चार हजार फुटांहून अधिक, हवा कोरडी आणि थंड. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात युरोपातले डॉक्टर रुग्णांना डोंगरावर पाठवत, तोच विचार आपल्याकडे आला. मुंबईचे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीत 'बेल-एअर' हे सॅनेटोरियम सुरू केलं. (ते पुढे रेडक्रॉसकडे गेलं, आणि त्यानंतरच्या काळात एचआयव्हीच्या रुग्णांसाठी त्याचं मोठं काम झालं.) इकडे मिरजेत डॉ. विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी सर्जननी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं होतं. त्याच मिशनचं क्षयरुग्णांचं सॅनेटोरियम सांगली आणि मिरजेच्या मध्ये, त्या काळी मोकळ्या असलेल्या माळावर झालं. आज आपण ज्या वानलेसवाडीतून रिक्षानं सहज जातो ती हीच.

सॅनेटोरियममधला उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती, मोकळी हवा, दूध, अंडी आणि वाट पाहणं. महिनोन् महिने व्हरांड्यातल्या खाटेवर पडून राहायचं, ताप मोजायचा, वजन करायचं. काही जणांच्या फुफ्फुसाभोवती सुईनं हवा भरत, म्हणजे आजारी फुफ्फुस दबून त्याला आराम मिळेल. काहींच्या बरगड्या काढत. मिरजेला शिकत असताना असं ऑपरेशन झालेले एक आजोबा मी पाहिले होते. छातीची एक बाजू आत बसलेली, पण नव्वदीतही खणखणीत आवाजात बोलत होते. तरीही एकूणात हा उपचार काहींना तारायचा आणि पुष्कळांना नाही, हेच खरं.

आणि खाटा किती? १९४६ साली जोसेफ भोर यांच्या समितीनं देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यांच्या अंदाजानं भारतात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण होते, वर्षाला ५ लाख माणसं त्यानं मरत होती, आणि देशभरात क्षयरोग्यांसाठी खाटा होत्या साधारण ६,०००. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून जास्त रुग्ण. पाटण, जावळीच्या खोऱ्यातून आणि खानापूर, शिराळ्याकडून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या कामगारांच्या वाट्याला यातली किती खाट येणार? तो माणूस खोकत गावी परतायचा आणि गावातच संपायचा. मावशींच्या चुलत सासऱ्यांना खाट मिळाली, ते नशीबवान. ज्यांना मिळाली नाही त्यांच्या आठवणी कुणी सांगत बसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की पूर्वी सगळ्यांचीच सोय व्हायची.

मग औषधं आली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं. ब्रिटनच्या सरकारी पैशावर चालणाऱ्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १०७ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. कुणाला औषध द्यायचं हे डॉक्टरांनी न निवडता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. १९४८ साली हे प्रसिद्ध झालं. आज कुठल्याही नव्या औषधाची पारख ज्या पद्धतीनं होते तिचं हे एक सुरुवातीचं आणि गाजलेलं उदाहरण. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. ते स्वस्त होतं, आणि मुख्य म्हणजे इंजेक्शन नव्हे, गोळी होती.

गोळी हाती आल्यावर एक प्रश्न उभा राहिला. गोळी तर घरीही गिळता येते, मग सॅनेटोरियम हवंच कशाला? तुम्हाला हा प्रश्न आज साधा वाटेल. त्या वेळी तो विचारणंसुद्धा अनेक डॉक्टरांना धोक्याचं वाटत होतं. झोपडपट्टीत, एका खोलीत आठ माणसं, पोटाला धड अन्न नाही, अशा ठिकाणी क्षयाचा रुग्ण बरा होईल यावर कोण विश्वास ठेवणार? शिवाय घरातल्या लेकरांचं काय?

उत्तर शोधायला १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र उघडलं. आपली भारतीय वैद्यक संशोधन परिषद (आयसीएमआर), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची तीच मेडिकल रिसर्च कौन्सिल अशा चौघांनी मिळून ते चालवलं. सगळा पैसा सार्वजनिक. माझं मत विचाराल तर हा प्रश्न सार्वजनिक पैशातूनच विचारला जाणार होता. 'रुग्णाला दाखल न करता भागेल का' हे शोधून काढण्यात कुठल्या धंद्याचा फायदा होता? काही संशोधनं नवं औषध शोधतात. हे संशोधन होतं असलेलं औषध माणसापर्यंत कसं पोचवायचं याचं.

मद्रासच्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. बेडक्यात जंतू सापडलेले, म्हणजे दुसऱ्याला लागण करू शकणारे. पुन्हा चिठ्ठी पद्धत. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी. दोन्हीकडे औषध तेच, वर्षभर, आयसोनियाझिड आणि पास. सॅनेटोरियमवाल्यांना विश्रांती, चांगलं जेवण, नर्सची देखरेख. घरच्यांना यातलं काही नाही. त्यांना दवाखान्यातून औषध न्यायचं होतं, आणि त्यातले कितीतरी जण काम करत होते. औषध खरोखर पोटात जातंय का हे पाहायला कर्मचारी न सांगता घरी जाऊन उरलेलं औषध मोजत आणि लघवी तपासत.

१९५९ साली निकाल आला. वर्षाअखेर सॅनेटोरियममधले ९२ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले होते, आणि घरी राहिलेले ८६ टक्के. फरक इतका थोडा होता की त्यावरून एक जागा दुसरीपेक्षा सरस ठरवता येत नव्हती. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं, हे खरं. पण रोग बरा होण्यात त्या वजनानं मोठा फरक पडला नाही. फरक पाडला तो औषधानं.

आता मावशींच्या नातीचा प्रश्न. मद्रासच्या लोकांनी दोन्ही गटांतल्या कुटुंबांवर पुढं पाच वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचा रुग्ण घरात राहिला त्या घरांत टीबी जास्त झाला नाही. कारण असं की घरच्यांना लागण व्हायची ती बहुतेक निदान होण्याआधीच होऊन गेलेली असते. 'साधा खोकला आहे, जाईल' म्हणत काढलेल्या त्या दोन-तीन महिन्यांत. नेमकं औषध सुरू झालं की रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता झपाट्यानं उतरते. थोडक्यात, आपण घाबरायला लागतो तेव्हा धोका उतरणीला लागलेला असतो. ताट-वाटी वेगळी केल्यानं तर काहीच साधत नाही. टीबी हवेतून पसरतो, भांड्यातून नाही.

दुसरा एक अभ्यास मला याहून जास्त आवडतो. बंगळूरला १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथे देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयाच्या रुग्णांशी बोलणं केलं. तोवर शहरी समज असा की खेडूत अडाणी, त्याला आजार कळत नाही, तो भगताकडे जातो. प्रत्यक्षात बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय हे पक्कं माहीत होतं, आणि निम्म्याहून अधिक जण आधीच दवाखान्याची पायरी चढून आले होते. तिथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं गेलं होतं. चूक रुग्णाची नव्हती, आमची होती. डॉक्टर म्हणून हे वाचताना मला आजही अवघडल्यासारखं होतं, कारण ती बाटली अजून बंद झालेली नाही.

या दोन अभ्यासांच्या पायावर १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. मोठी सॅनेटोरियमं बांधत बसायचं नाही. जिल्ह्याला एक क्षयरोग केंद्र, आणि तपासणी-औषध जवळच्या सरकारी दवाखान्यात. आज तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासायला घेतात आणि गोळ्या फुकट देतात, त्याचं मूळ हे. जगातल्या कितीतरी देशांनीही मद्रासचाच धडा घेतला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मद्रासमध्ये घरी जाऊन औषध मोजणारी माणसं होती, जिल्ह्याजिल्ह्यांत ती नव्हती. १९९२ मध्ये कार्यक्रमाचा आढावा घेतला तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत असल्याचं दिसलं. बरं वाटलं की गोळ्या बंद. अर्धवट औषधानं जंतू निगरगट्ट होतात, आणि मग साधा टीबी औषधाला न जुमानणारा होतो. 'घरी उपचार' याचा अर्थ 'रुग्णाला त्याच्या नशिबावर सोडा' असा मद्रासनं कधीच सांगितला नव्हता. अंमल करताना नेमकं तेवढं गळून गेलं. म्हणूनच पुढे १९९७ पासूनच्या सुधारित कार्यक्रमात कुणाच्या तरी समोर गोळी घेण्यावर भर आला.

आणि सॅनेटोरियममधल्या दुधा-अंड्याचं काय? ते अगदीच वाया होतं का? इथे गोष्टीला वळण आहे. अलीकडे झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं आयसीएमआरच्या पैशावर एक मोठा अभ्यास केला. २,८०० टीबी रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. सगळ्या रुग्णांना दर महिन्याला धान्य, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. निम्म्या गटात घरच्या माणसांनाही प्रत्येकी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले.

मग मद्रास खोटं ठरलं? नाही. औषध चालू असताना जंतू जायला खास खुराक लागतो का, हा मद्रासचा प्रश्न होता. घरच्यांना रोग होऊच नये आणि खंगलेला रुग्ण जगावा यासाठी अन्न लागतं का, हा झारखंडचा. आम्ही डॉक्टरांनी मात्र पहिल्या उत्तरावरून साठ वर्षं 'खाण्याचं एवढं काही नाही' असं धरून चाललो. त्या बाबतीत आपल्या आज्या आमच्यापेक्षा शहाण्या निघाल्या. सरकार टीबीच्या रुग्णाला आहारासाठी दरमहा पैसे देतं. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. ते तुमच्या खात्यात येत नसतील तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात जरूर विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मावशींना मी हे सगळं एवढं लांबण लावून सांगितलं नाही. सांगितलं ते असं. सुरुवातीचे काही आठवडे सुनेनं तोंडाला मास्क लावायचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकायची. सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही. औषधाला न जुमानणारा टीबी तर नाही ना, त्याचाही तपास झालाय, आपला तो नाही. तिला माहेरी धाडायचं नाही, कारण तिथे गोळ्या चुकतील आणि चुकल्या तर मग खरंच दाखल करायची वेळ येईल. आणि उद्या-परवा नातीसकट घरातल्या सगळ्यांनी तपासणीला यायचं. कुणाला रोग नसेल तरी तो होऊ नये म्हणून औषध देता येतं.

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि अंडी? आम्ही माळकरी आहोत."

"डाळ, शेंगदाणे, दूध. तुमच्या घरी म्हैस आहे ना?"

"हाय की. दूध डेअरीला जातं."

"सहा महिने त्यातलं एक लिटर घरी ठेवा."

सून पहिल्यांदाच मान वर करून सासूकडे बघत होती. सोमवारी घरातली पाचही माणसं एक्स-रेला आली.