औद्योगिक मृत्यू-भरपाई (भिलाई)

कामावर असताना अपघाती मृत्यू आलेल्या कामगाराच्या अवलंबितांना द्यायची रक्कम व ती ठरवण्याची रीत. भिलाई पोलाद कारखान्यात (जि. दुर्ग, छत्तीसगड) 12 जून 2014 रोजी पंपघरात कार्बन मोनॉक्साइड शिरून 6 जण दगावले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हन विभागात वायुवाहिनीच्या देखभालीचे काम चालू असताना आग भडकली. त्या दिवशी 9 जण गेले आणि भाजलेल्यांपैकी काहींनी नंतर प्राण सोडले.

चूक कोणाची, हे चौकशी समितीने पाहायचे; भरपाई त्यासाठी अडत नाही. कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 नुसार मासिक वेतनाची निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणत. पगार कितीही असो, 2020 पासून तो 15,000 रुपयांपर्यंतच धरला जाई. चाळिसाव्या वर्षाचा गुणांक 184.17, म्हणजे 7,500 गुणिले 184.17, एकूण 13,81,275 रुपये. भट्टीवरच्या कुशल कामगाराचा पगार पाहता ही मर्यादा तोकडीच होती. मात्र कामगार प्यायलेला होता किंवा त्याने सुरक्षेचा नियम मोडला, ही सबब मृत्यूच्या प्रकरणात मालकाला चालत नाही.

विधवेच्या हाती परस्पर पैसे ठेवून मालक मोकळा होत नाही. 1923 च्या कायद्यानुसार रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागे आणि वारसांचे वाटे तेच ठरवत. घाईघाईने तडजोडीच्या कागदावर अंगठा घेण्याला त्यामुळे आळा बसे. महिनाभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज लागते. विलंबाचे कारण न पटल्यास निम्म्यापर्यंत दंडही होतो.

खरा फरक पडतो तो मृत माणूस कोणाच्या रोलवर होता यावर. ठेका कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. कामगार राज्य विमा योजनेतील कामगाराच्या कुटुंबाला मात्र एकरकमी भरपाईऐवजी दरमहा अवलंबित लाभ मिळतो. कायम कर्मचाऱ्याच्या वारसांना सेलची (कारखान्याची मालक असलेली स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) कुटुंब लाभ योजना आहे: भविष्यनिर्वाह निधी व उपदान कंपनीकडे ठेवायचे आणि मृताच्या निवृत्तीच्या तारखेपर्यंत दरमहा रक्कम घ्यायची. ही योजना आहे म्हणून अनुकंपा नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सेलच्याच प्रकरणात दिला. ठेका मजुराच्या घराला असा हक्क नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. गुणाकाराची रीत तीच राहिली. घर ते कामाचे ठिकाण या वाटेवरचा, नोकरीशी संबंध असलेला अपघातही भरपाईस पात्र ठरला.